अशनि, प्रथिनें आणि नीरक्षीरविवेक

हंसापुढें दूध आणि पाणी एकत्र करून ठेवलें तर तो दूध तेवढें पितो आणि पाणी मागें ठेवतो, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. प्रत्यक्षांत कोणत्याही हंसाला ही किमया साधत नाहीं. पण ज्या गुणाचें रूपक म्हणून आपल्या पूर्वजांनीं हा हंस कल्पिला, तो गुण मात्र खरा आहे. एकमेकांत मिसळून गेलेल्या वस्तूंपैकीं मूळची कोणती आणि मागाहून आलेली कोणती, हें ओळखून त्या निराळ्या करणें याला आपण नीरक्षीरविवेक म्हणतों. आज मला बोलावयाचें आहे तें याच विवेकाविषयीं. परंतु नीतिशास्त्रांतल्या नव्हे, प्रयोगशाळेंतल्या. आकाशांतून पडलेला एक दगड, लोंकरीच्या संशोधनांतून निघालेली एक युक्ति, आणि रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडलेलीं मुलें, या तिहींचा परस्परांशीं संबंध काय, असें कोणीही विचारील. तो संबंध आहे, आणि तो समजून घेणें हें आपल्यासारख्या सामान्य गृहस्थांच्याही उपयोगाचें आहे, असें मला वाटतें.

दगडापासून आरंभ करूं. १९६९ सालच्या सप्टेंबर महिन्याची २८ तारीख, वार रविवार. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत मर्चिसन नांवाचें एक लहानसें गांव आहे. सकाळचे अकरा वाजावयास आले असतां त्या गांवावरच्या आकाशांतून अग्नीचा एक गोळा झपाट्यानें गेला, त्याचे तुकडे झाले, मागें धूर राहिला आणि थोड्याच वेळांत जमीन हादरल्यासारखी वाटली. पुढें गोळा केलेल्या तुकड्यांचें एकंदर वजन १०० किलोग्रॅमच्या वर भरलें. एक तुकडा तर एका कोठाराचें छप्पर फोडून आंतल्या गवतांत जाऊन पडला होता. दगड काळसर, कोळशासारखे दिसणारे. आणि त्यांना स्पिरिटासारखा वास येत होता, असें ते उचलणाऱ्यांनीं सांगितलें.

उल्का आकाशांत जळून जाते. जो दगड पुरता न जळतां भूमीवर येऊन पोंचतो त्याला अशनि म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर अशाच एका प्रचंड आघातानें झालेलें आहे, हें आपणांस ठाऊक असेल. बहुतेक अशनी साध्या पाषाणाचे, कांहीं लोखंडाचे असतात. मर्चिसनचा अशनि मात्र कार्बनयुक्त अशा विरळ जातीचा होता. या जातीचे दगड ४५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, सूर्यमाला जन्माला येत होती त्या वेळीं घडले, आणि तेव्हांपासून ते वितळलेले नाहींत. सूर्यमालेच्या जन्मकाळचें तें एक जपून ठेवलेलें दप्तरच म्हणावयाचें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मानव चंद्रावर उतरला होता, आणि तिकडून आणलेले दगड तपासण्यासाठीं अमेरिकेंतील प्रयोगशाळा अत्यंत सूक्ष्म उपकरणांनीं सज्ज होऊन बसल्या होत्या. कॅलिफोर्नियांतील एम्स संशोधन केंद्रांत सिरिल पोन्नम्पेरुमा नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. हे मूळचे श्रीलंकेचे आणि मद्रास विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे पदवीधर. त्यांनीं, कीथ क्वेनव्होल्डेन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मर्चिसनचा एक तुकडा तपासला आणि १९७० सालच्या डिसेंबरांत जाहीर केलें कीं, या दगडांत अमिनो आम्लें आहेत.

अमिनो आम्ल म्हणजे काय, हें दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. आपलें रक्त, स्नायु, केस, अन्न पचविणारे रस, या सर्वांत मुख्य द्रव्य प्रथिनांचें. प्रथिन ही एक लांब माळ असते आणि तिचे मणि म्हणजे अमिनो आम्लें. मणि वीस जातींचे. पण त्यांचा क्रम बदलला कीं प्रथिन बदलतें. मुळाक्षरें तींच, पण त्यांच्या मांडणीनें कधीं ओवी होते, कधीं हिशेबाची वही, तसेंच हें आहे. असे हे जीवनाचे मणि आकाशांतल्या दगडांत सांपडले, ही वार्ता लहान नव्हती. परंतु जाणत्यांनीं हर्ष व्यक्त करण्यापूर्वीं एक रुक्ष प्रश्न विचारला: हीं आम्लें दगडाचीं, कीं दगड हाताळणाऱ्याच्या बोटांचीं?

या संशयाला कारण होतें, आणि तें कारण म्हणजे फ्रान्समध्यें १४ मे १८६४ रोजीं पडलेला ऑर्गेय येथील अशनि. हाही त्याच कार्बनयुक्त जातीचा. १९६१ सालीं अमेरिकेंतील क्लॉस आणि नागी या संशोधकांनीं सांगितलें कीं, याच्या चूर्णांत सूक्ष्मदर्शकाखालीं जिवंत प्राण्यांच्या अवशेषांसारखीं घडीव रूपें दिसतात. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनीं तपास केला, तेव्हां त्यांतलीं कांहीं रूपें म्हणजे पृथ्वीवरच्याच एका रानटी झाडाचे परागकण निघाले. हवेंतून उडत येऊन ते दगडावर बसले होते. पुढची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्याच अशनीचा दुसरा एक तुकडा पडल्यापासून कांचेच्या बंद बरणींत ठेवलेला होता. १९६४ सालीं शिकागोचे एडवर्ड अँडर्स व त्यांचे सहकारी यांनीं तो तपासला, तेव्हां त्यांत एका लव्हाळ्याच्या बिया आणि कोळशाचे कण सरस लावून कोणी तरी मुद्दाम दडवून ठेवलेले आढळले! तो अशनि पडण्यापूर्वीं जेमतेम पांच आठवडे, ७ एप्रिल १८६४ रोजीं, लुई पाश्चर यांनीं पॅरिस येथें निर्जीवांतून जीव आपोआप उत्पन्न होत नाहीं, हें सांगणारें आपलें प्रसिद्ध व्याख्यान दिलें होतें. त्या वादाच्या भरांत कोणी तरी ही थट्टा केली असावी. थट्टा करणारा मरून गेला, बरणी तशीच राहिली आणि शंभर वर्षें कोणाला पत्ता लागला नाहीं.

तेव्हां दगडांत कांहीं सांपडणें वेगळें आणि तें दगडाचेंच आहे असें सिद्ध करणें वेगळें. हें सिद्ध करण्यासाठीं प्रथम मिश्रणांतलें प्रत्येक द्रव्य निराळें करतां आलें पाहिजे. तें कसें करतात, तें पाहूं.

पुष्कळ शाळांतून एक लहानसा प्रयोग मुलांना दाखवितात, तो आपण घरींही करून पाहावा. टिपकागदाची एक पट्टी घेऊन तिच्या खालच्या टोकाजवळ काळ्या शाईचा थेंब टाकावा आणि टोंक पाण्यांत असें बुडवावें कीं थेंब पाण्याच्या वर राहील. पाणी कागदांतून वर चढूं लागतें आणि आपल्याबरोबर शाईला ओढतें. थोड्या वेळानें पाहावें तों काळी म्हणून जी शाई आपण समजत होतों तिच्यांतून निळा, तांबूस, पिवळा असे निरनिराळे पट्टे उमटतात. कारण प्रत्येक रंगाची कागदाला चिकटण्याची व पाण्याबरोबर धांवण्याची वृत्ति निराळी. सर्वजण एकाच ठिकाणाहून निघाले तरी कोणी पुढें जातो, कोणी रेंगाळतो. या तत्त्वाचा पाया १९०३ सालीं मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें घातला. त्यानें कांचेच्या नळींत चूर्ण भरून त्यावरून पानांचा अर्क ओतला, तेव्हां हिरवा व पिवळा रंग थरांथरांनीं वेगळे झाले. त्यानें वापरलेल्या चूर्णांत खडूची भुकटीही होती. ज्याचा जन्म खडूच्या धुळींत गेला त्या माझ्यासारख्या मास्तराला याचें कौतुक वाटल्यास नवल नाहीं. या पद्धतीला वर्णलेखन, इंग्रजींत क्रोमॅटोग्राफी, असें नांव पडलें.

अमिनो आम्लांना मात्र रंग नसतो, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशीं इतके मिळतेजुळते कीं तीं वेगळीं करणें फार अवघड. हें कोडें इंग्लंडांतील लीड्स येथील लोंकर-संशोधन संस्थेंत सुटलें. लोंकर हें प्रथिनच. तेव्हां तिचे घटक मोजणें हें त्या संस्थेचें कामच होतें. तेथें आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनीं १९४१ सालीं वर्णलेखनाची नवी रीत प्रसिद्ध केली, आणि तीन वर्षांनीं मार्टिन व त्यांचे सहकारी यांनीं तीच साध्या गाळणकागदावर करून दाखविली. मार्टिन व सिंज यांना १९५२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रथिन तीव्र आम्लांत दिवसभर तापवावें म्हणजे माळ तुटून मणि सुटे होतात. ते कागदावर धांवावयास लावावे. आणि शेवटीं कागदावर निनहायड्रिन नांवाचें द्रव्य फवारून तो तापवावा. जेथें जेथें अमिनो आम्ल असेल तेथें तेथें जांभळा डाग उमटतो. फ्रेडरिक सँगर यांनीं इन्सुलिन या प्रथिनांतील ५१ मण्यांचा संपूर्ण क्रम १९५५ पर्यंत लावला, त्यांतही या कागदांचा मोठा वांटा होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांनीं प्रथम बटाट्याच्या पिष्टाचे व पुढें राळेच्या मण्यांचे स्तंभ वापरून हें काम इतकें नेमकें केलें कीं, १९५८ सालीं तें करणारें स्वयंचलित यंत्रच तयार झालें.

आतां गंमत पाहा. निनहायड्रिनचा हा फवारा पोलिसही वापरतात. कागदावर उमटलेला चोराच्या बोटाचा अदृश्य ठसा या द्रव्यानें जांभळा होऊन दिसूं लागतो, ही युक्ति १९५४ सालीं स्वीडनमध्यें निघाली. असें कां होतें? कारण आपल्या घामांतच अमिनो आम्लें असतात. चोर पकडण्याच्या कामीं जी गोष्ट पोलिसांची मित्र, तीच अशनि तपासणाऱ्याची शत्रु. १९६५ सालीं पॉल हॅमिल्टन या संशोधकानें बोटांचे ठसे अमिनो आम्लांच्या यंत्रांतून तपासून दाखवून दिलें कीं, एका ओल्या ठशांतही मोजतां येण्याजोगीं अनेक आम्लें असतात, आणि त्यांत सेरिन नांवाचें आम्ल सर्वांत अधिक. त्यापूर्वींच्या कांहीं संशोधकांनीं अशनींत सांपडलीं म्हणून दिलेली आम्लांची यादी या बोटांच्या यादीशीं विलक्षण जुळत होती! मोठ्या उमेदीनें आकाशाचें पत्र उघडावें आणि आंत आपलेंच हस्ताक्षर निघावें, तसा हा प्रकार झाला.

मर्चिसनच्या संशोधकांना हें सारें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं ताज्या पडलेल्या दगडाचा आंतला भाग घेतला, आणि नुसतीं आम्लें दाखवून ते थांबले नाहींत. त्यांनीं दोन पुरावे दिले. पहिला असा कीं, सांपडलेल्यांपैकीं कांहीं आम्लें पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या प्रथिनांत आढळतच नाहींत. बोटांवरून यावयाचीं तर तीं बोटांत तरी असावयास हवीं. दुसरा पुरावा अधिक सुंदर आहे. शंख आपण सर्वांनीं पाहिले आहेत. नेहमीचे सर्व शंख एकाच बाजूनें वळलेले, आणि विरुद्ध बाजूनें वळलेला दक्षिणावर्ती शंख इतका दुर्मिळ कीं लोक त्याची देव्हाऱ्यांत पूजा करतात. अमिनो आम्लांच्या रेणूंचेंही तसेंच आहे. बहुतेक आम्लांचीं डावें आणि उजवें अशीं दोन रूपें संभवतात; एक दुसऱ्याचें आरशांतलें प्रतिबिंब. पण जीवसृष्टीच्या प्रथिनांत बहुशः एकच, डावें रूप वापरलेलें असतें. माणसाच्या बोटांवरून आलेलीं आम्लें डावीं असावयाचीं. मर्चिसनच्या दगडांत मात्र डावीं आणि उजवीं जवळजवळ समसमान निघालीं. तीं कोणाच्या घामाचीं नव्हतीं. निर्जीव सृष्टींत आपोआप घडलेलीं होतीं. पुढील वर्षांत या एका अशनींत सत्तराहून अधिक प्रकारचीं अमिनो आम्लें सांपडलीं. १९९७ सालीं क्रोनिन व पिझ्झरेल्लो यांनीं असेंही दाखविलें कीं, त्यांतलीं कांहीं, जीं आपल्या प्रथिनांत नसतात तीं, डाव्या बाजूला किंचित् झुकलेलीं आहेत. आपली जीवसृष्टि डावी कां झाली, या कोड्याचा धागा कदाचित् येथें असेल.

याच सावधगिरीची पुढची पायरी म्हणजे दगड पृथ्वीवर पडण्याची वाटच न पाहणें. अमेरिकेचें ओसायरिस-रेक्स हें यान बेन्नू नांवाच्या लघुग्रहावर गेलें आणि तेथील १२१.६ ग्रॅम माती घेऊन त्याची कुपी २४ सप्टेंबर २०२३ रोजीं यूटाच्या वाळवंटांत उतरली. ती माती नायट्रोजन वायूंत, मानवी स्पर्शापासून दूर ठेवून तपासण्यांत आली. २०२५ सालच्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें आपल्या प्रथिनांतील वीस आम्लांपैकीं चौदा तींत आहेत, आणि तींही डावीं-उजवीं जवळपास सारखीं. मर्चिसनची साक्ष खरी ठरली. अर्थात् यावरून आकाशांत जीव आहेत असें कोणीं समजूं नये. मुळाक्षरें सांपडलीं म्हणून ज्ञानेश्वरी सांपडली असें होत नाहीं. आणि तसा दावा त्या संशोधकांनींही केलेला नाहीं.

येथवर आपण आकाशाकडे पाहत होतों. आतां रुग्णालयाकडे वळूं. कारण वेगळें करण्याची हीच विद्या तेथें मुलांचे प्राण वांचविते. या गोष्टीच्या मध्यभागीं अस्परजिन नांवाचें एक अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्लांपैकीं सर्वांत आधीं सांपडलेलें तें हेंच. १८०६ सालीं व्होकलँ व रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं तें अस्परॅगस नांवाच्या भाजीच्या, म्हणजे आपल्या शतावरीच्या भावकींतल्या एका वनस्पतीच्या रसांतून वेगळें काढलें. पुढें जवळजवळ दीडशें वर्षें त्याचा कर्करोगाशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें.

१९५३ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन किड हे डॉक्टर उंदरांतील लसिका-ग्रंथींच्या कर्करोगावर प्रयोग करीत होते. रक्त गोठल्यावर त्यांतून जें पिवळसर पाणी सुटतें त्याला रक्तजल म्हणूं. गिनीपिगाचें रक्तजल टोंचलें असतां कांहीं उंदरांच्या गांठी विरून जातात, असें त्यांना दिसलें. घोड्याच्या व सशाच्या रक्तजलानें तसें होत नव्हतें. श्रोत्यांनीं येथें क्षणभर थांबावें. किड यांनीं जर घोडा व ससा यांच्याशीं तुलना केली नसती, तर हा गुण गिनीपिगाच्या रक्तजलाचा, कीं कोणत्याही टोंचणीचा, कीं गांठीच्या स्वतःच्या ओहोटीचा, हें कळलें नसतें. हाही नीरक्षीरविवेकच.

पण रक्तजलांत शेंकडों प्रथिनें असतात. त्यांतलें औषध कोणतें? याचें उत्तर आठ वर्षांनीं, १९६१ सालीं, जॉन ब्रूम यांनीं दिलें. गिनीपिगाच्या रक्तांत अस्परजिनचें विघटन करणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतें, हें जुन्या ग्रंथांतून नमूद होतें. त्याला अस्परजिनेज म्हणतात. ब्रूम यांनीं रक्तजलांतील प्रथिनें निरनिराळ्या रीतींनीं वेगळीं केलीं आणि पाहिलें, तों कर्करोगाला मारण्याची शक्ति ज्या भागांत जाई त्याच भागांत हें विकर जाई. विकर नष्ट झालें कीं शक्तिही नष्ट होई. शिवाय ज्या कर्करोगी पेशींना अस्परजिनवांचून वाढण्याची संवय लागली होती, त्यांच्यावर गिनीपिगाच्या रक्तजलाचा कांहीं परिणाम होत नसे. उलगडा झाला. आपल्या शरीरांतील बहुतेक निरोगी पेशी अस्परजिन घरींच तयार करतात. पण या विशिष्ट कर्करोगाच्या पेशींना तें पुरेसें करतां येत नाहीं, त्या रक्तांतून उसनें घेतात. रक्तांतलें अस्परजिन विकरानें तोडून टाकलें कीं त्यांची उपासमार होते आणि त्या मरतात. तोडल्यावर अस्परजिनपासून अमोनिया आणि अस्पार्टिक आम्ल हीं दोन द्रव्यें होतात. आणि हें अस्पार्टिक आम्ल मर्चिसनच्या दगडांतही सांपडलेलें आहे. आकाशांतला मणि आणि रोग्याच्या रक्तांतला मणि एकाच जातीचे!

गिनीपिग हा लहानसा प्राणी. त्याच्या रक्तांतून औषध पुरविणें शक्य नव्हतें. १९६४ सालीं मॅशबर्न व रिस्टन यांनीं दाखविलें कीं, आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या इ. कोलाय या साध्या जंतूंपासूनही तेंच काम करणारें विकर मिळतें. त्यामुळें औषध विपुल झालें. मुलांत आढळणाऱ्या रक्ताच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक कर्करोगावर तें इतर कांहीं औषधांच्या जोडीला देण्यांत येतें. हा रोग झालेल्या मुलांपैकीं १९६० च्या सुमारास शेंकडा दहासुद्धां फार दिवस वांचत नसत. आज प्रगत देशांत शेंकडा सुमारें नव्वद वांचतात. हें श्रेय एकट्या अस्परजिनेजचें नव्हे. अनेक औषधें, त्यांचीं काळजीपूर्वक ठरविलेलीं प्रमाणें आणि दोन-तीन वर्षांची चिकाटी यांचें तें फळ आहे. पण या औषधावांचून तें फळ इतकें भरघोस आलें नसतें.

या औषधाला एक दोष आहे. तें जंतूचें प्रथिन असल्यामुळें आपलें शरीर त्याला परकें समजतें. कांहीं मुलांना त्यानें पित्त उठतें, धाप लागते. कांहींत तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं, पण शरीर गुपचूप औषध निकामी करून टाकतें. डॉक्टरांना वाटतें उपचार चालू आहे, आणि तो केव्हांच थांबलेला असतो. अशा वेळीं रक्तांतील विकराची शक्ति मोजूनच खरें कळतें. औषधांत त्याच जंतूचीं दुसरीं प्रथिनें मिसळलेलीं राहिलीं तर हा धोका वाढतो. ब्राझीलमध्यें २०१७ सालीं सरकारनें स्वस्तांत आणविलेल्या एका नव्या अस्परजिनेजविषयीं कंपिनास शहरांतील बालरुग्णालयाच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनीं रेणूंचें वजन करणाऱ्या यंत्रावर तें तपासून घेतलें, तेव्हां त्यांत जंतूंच्या इतर प्रथिनांची भेसळ निघाली. उंदरांत तें औषध रक्तांत कमी टिकत होतें आणि त्याविरुद्ध प्रतिकारही अधिक होत होता. आपल्या देशांतही कोलकाता येथील संशोधकांनीं येथें मिळणाऱ्या अशा औषधांची तपासणी केली, आणि त्यांची गुणवत्ता समाधानकारक नाहीं असें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. कुपीवर नांव तेंच, आंतलें पाणीही तसेंच स्वच्छ दिसणारें. डोळ्यांना फरक दिसत नाहीं. वेगळें करून पाहणाऱ्या विद्येलाच तो दिसतो.

श्रोतेहो, आतां एक गोष्ट माझ्या अनुभवांतली सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखें, गणितांत चपळ. त्याला हा रोग झाला. डॉक्टरांनीं निदान केलें, रक्त भरलें आणि पुढील उपचारांसाठीं थांबावयास सांगितलें. त्याच सुमारास कोणी तरी वडिलांना एका औषधाच्या पुड्या आणून दिल्या. आठ दिवसांत मुलाच्या चेहऱ्यावर तांबूस तेज आलें, तो अंगणांत खेळूं लागला. वडील मला भेटून म्हणाले, "गुरुजी, पुडीला गुण आला!" आणि ते त्याला घरीं घेऊन गेले. तें तेज पुडीचें नव्हतें. भरलेल्या रक्ताचें होतें. तें मला तेव्हां कळलें नाहीं. मींही त्यांच्याबरोबर आनंद मानला. दोन महिन्यांनीं दुसऱ्या रांगेंतली त्याची जागा कायमची रिकामी झाली. त्या काळचे उपचार घेतले असते तर तो वांचला असता, असें मी छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं. पण त्याची संधि गेली, आणि ती दूध-पाणी न निवडल्यामुळें गेली, एवढें निश्चित.

म्हणून माझें सांगणें इतकेंच आहे. आपण प्रयोगशाळेंत जाणार नाहीं, स्तंभ आणि यंत्रें आपल्या हातांत येणार नाहींत. परंतु त्यांच्यामागचा प्रश्न प्रत्येक घरांत विचारतां येतो. कोणी अद्भुत गुणाची वार्ता सांगितली, तर ती सांगणाऱ्याला शांतपणें विचारावें: हा गुण याच वस्तूचा कशावरून? दुसऱ्या कशाचा नाहीं, हें कोणीं पाहिलें? तुलना कोणाशीं केली? असा प्रश्न विचारण्यांत अश्रद्धा नाहीं. मर्चिसनच्या दगडावर शंका घेणाऱ्यांनीं त्याचा अपमान केला नाहीं. त्यांच्या शंकेंतूनच त्याची खरी किंमत ठरली. उलट ज्यांनीं घाईनें टाळ्या वाजविल्या, त्यांच्या पदरीं परागकण आणि सरसानें चिकटविलेल्या बिया पडल्या.

आकाशांतून आलेल्या दगडावर आपल्या बोटाचा ठसा उमटूं न देणें, आणि उमटलाच तर तो ओळखून बाजूला काढणें, ही सत्याची सेवा आहे. आजारी मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईबापांना तर या सेवेची सर्वांत अधिक गरज असते, आणि नेमकी त्याच वेळीं ती सर्वांत कठीण वाटते. अशा वेळीं त्यांच्या जवळ बसून हा प्रश्न हलक्या आवाजांत विचारणारा एखादा शेजारी, एखादा आप्त, एखादा मास्तर असला पाहिजे. मीं तेव्हां तो विचारला नाहीं. आपण विचारावा, एवढ्यासाठींच हें बोलणें.